टीबी-2, विंग लूंग-2 की एमक्यू-9बी: सशस्त्र ड्रोन घेताना

पोलंडने मे 2021 मध्ये तुर्कस्तानची 24 बायराक्तार टीबी-2 घेतली ती 27 कोटी डॉलरना. भारताने ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेशी 31 एमक्यू-9बीचा करार केला तो सुमारे 32,000 कोटी रुपयांचा. विमानामागे जवळपास दहापट फरक. पण ही एका जातीची यंत्रंच नाहीत.

टीबी-2 चं उड्डाणाचं कमाल वजन 700 किलो, इंजिन 100 अश्वशक्तीचं, पंखांखाली 22 किलोचे चार एमएएम-एल बाँब. मूळ मॉडेल रेडिओवर चालतं. 18,000 फुटांवरून जमिनीच्या वक्रतेमुळे सिग्नल जेमतेम 300 किलोमीटर पोहोचतो. मध्ये डोंगररांग आली की त्याहूनही कमी. एमक्यू-9बी 5,670 किलोचं, उपग्रहावरून चालणारं, 40 तासांपर्यंत हवेत राहणारं. समुद्रावर पहारा ठेवायचा असेल तर टीबी-2 चा विचार सोडा.

चीनचं विंग लूंग-2 या दोहोंच्या मधलं: 4,200 किलो वजन, 480 किलो शस्त्रं. ते खपलं त्यात अमेरिकेच्या नकारांचा मोठा वाटा. 300 किलोमीटर पल्ला आणि 500 किलो भार ओलांडणाऱ्या ड्रोनची निर्यात क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था या निर्यातीला आवर घालणाऱ्या देशांच्या गटाच्या कात्रीत सापडते. चीन तिचा सदस्य नाही. अमिराती, सौदी, इजिप्त तिकडे वळले. (2020 मध्ये अमेरिकेने ताशी 800 किलोमीटरखालच्या ड्रोनसाठी ही अट सैल केली, पण तोवर गिऱ्हाईक गेलं होतं.) चिनी मालाची खरी परीक्षा देखभालीत. इराककडच्या दहाहून जास्त सीएच-4 (चीनचंच आणखी एक ड्रोन) पैकी 2019 मध्ये एकच पूर्णपणे कामाचं उरल्याचं अमेरिकी लष्करी अहवालात नोंदलं गेलं. जॉर्डनने तर आपली सीएच-4 विकायलाच काढली.

तुर्की माल घेतला म्हणजे परवान्यांची कटकट टळली, असंही नाही. अझरबैजान-आर्मेनियाच्या 2020 मधल्या काराबाख युद्धादरम्यान टीबी-2 चा वेसकॅम कॅमेरा कॅनडाने रोखला, त्यातल्या रोटॅक्स इंजिनांचीही विक्री थांबली. कॅमेऱ्याच्या जागी असेल्सान या तुर्की कंपनीचा बसवावा लागला.

समोर रडार आणि क्षेपणास्त्रांची धड साखळी असेल, तर तिन्ही संथच. युक्रेनमध्ये सुरुवातीच्या महिन्यांनंतर टीबी-2 मागे पडलं. येमेनमध्ये हुथींनी अमेरिकेची अनेक एमक्यू-9 (एमक्यू-9बीचं आधीचं रूप) पाडली. बंडखोर किंवा दुबळं हवाई संरक्षण असेल तर टीबी-2 घ्या, आणि काही पडणार हे धरून जास्त घ्या. विंग लूंग घ्यायचंच तर किमान दोन वर्षांचे सुटे भाग आपल्या गोदामात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.