लातूरचा पहाटेचा प्राणायाम क्लास : श्वास सोडायला शिकण्यापुरते पैसे वसूल

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डात धूळ, आवाज आणि भांडणं सोबतच येतात. मी तिथं आडतीवर मुनीम. २०२४ च्या दिवाळीत हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि सौदा निघायचा चार-सव्वाचार हजाराला. त्यात माल ओला, मशीनवर ओलावा बारा टक्क्यांच्या वर. शेतकऱ्याचा राग पहिला निघतो तो माझ्यावर, कारण पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, मी लिहितो. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली आणि म्हणाले, सोबत श्वासाचे व्यायाम करा. म्हणून गंजगोलाईच्या मागं एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवरचा हा क्लास लावला. नाव लिहीत नाही, कारण पुढं लिहिलंय ते सगळंच गोड नाही.

पावणेसहाला सुरू, सातच्या आत मोकळं. महिन्याला पाचशे रुपये. सतरंजी घरून न्यायची. वर पत्रा आहे, पण पाऊस लागला की सरांचं काही ऐकू येत नाही.

सर म्हणजे रिटायर झालेले पी.टी. मास्तर, आणि शिकवायची हातोटी त्यांची खरंच चांगली आहे. सुरुवातीला ते नाकबिक काही धरायला लावत नाहीत. पाठीवर झोपवतात आणि पोटावर अर्धा किलो तुरीची पिशवी ठेवतात. श्वास घेतला की पिशवी वर आली पाहिजे, छाती जागेवर. माझी पिशवी हलायलाच तयार नव्हती. शेजारचे एक रिटायर कंडक्टर होते, त्यांची पिशवी मस्त वरखाली व्हायची आणि ते घोरायचे भी. (तूर जुनी आहे, सर. बदला. मी आणून देतो.)

पोट का फुगलं पाहिजे, हे सरांनी नीट सांगितलं. फुफ्फुसांच्या खाली स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला की फुफ्फुसांना जागा होते आणि पोट पुढं येतं. दिवसभर गादीवर वाकून बसणाऱ्या माणसाचा हा पडदा पूर्ण खाली जातच नाही, मग मान आणि खांदे उगं राबतात. माझे खांदे संध्याकाळी कामून भरून यायचे, त्याचं एक कारण इथं कळलं.

बाकीचा हिशेब घरी समजला. माझी पुतणी नीटच्या क्लासला लातुरात आहे, आमच्याकडंच राहते. तिच्या अकरावीच्या पुस्तकात लिहिलंय की माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि एका वेळी साधारण ५०० मिली हवा आत जाते. त्यातली दीडशेक मिली नाक, घसा आणि श्वासनळीतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. म्हणलं, हा तर कडता झाला, यार्डात मालाच्या वजनातून कापतात तसला! आणि कडता प्रत्येक खेपेला कापला जातो. मग वही काढली. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५००, एकूण सहा हजार. कडता १८००, हातात ४२००. तेच घाईघाईचे २४ श्वास, प्रत्येकी २५०, एकूण परत सहा हजारच. पण कडता ३६०० आणि हातात फक्त २४००. एकूण आकडा तोच, मेहनत दुप्पट आणि माल जवळजवळ निम्मा. पोटातून सावकाश श्वास कशासाठी घ्यायचा, हे मला याच्याइतकं कोणी पटवून दिलं नव्हतं.

क्लासातली सगळ्यात कामाची गोष्ट मात्र श्वास घेण्याची नाहीच, सोडण्याची आहे. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. हे करताना मनगटावर बोटं ठेवून बघा. श्वास घेताना नाडीचे ठोके जवळजवळ पडतात, सोडताना लांबतात. मेंदूतून निघून हृदय आणि पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. श्वास सोडताना त्याचा जोर वाढतो आणि हृदय मंदावतं. पुतणीनं मोबाइलवर एक भारी गोष्ट दाखवली. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तर दोन्हीकडं तो मिनिटाला सहाच्या आसपास भरला. आमची आई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते, लांब ओढत. तिला क्लासची गरज नाही.

आता तक्रारी.

सर 'ऑक्सिजन वाढतो, ऑक्सिजन वाढतो' असं रोज म्हणतात. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर घरी पडून होतं, ते खिशात घालून नेलं. आधी ९७, नंतर ९७, कधी ९८. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन मुळातच ९५ ते १०० टक्के भरलेला असतो, त्यात आणखी भरायचं काय? फायदा होतो, पण तो शांतपणामुळं.

जोरजोरात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास, झाली की बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. सर म्हणतात, शक्ती जागी झाली. असं काही नाही. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. बीपीवाले, हर्नियावाले, हृदयाचा त्रास असलेले आणि गरोदर बाया, यांनी कपालभाती-भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. इथं भरतीच्या वेळी असलं कोणी विचारत नाही. फॉर्मवर वजन आहे, उंची आहे, व्हॉट्सॲप नंबर आहे, आजाराचा रकाना नाही.

आणि फी गोळा करणारा पोरगा येणाऱ्याला सांगतो, 'तीन महिन्यांत गोळ्या सुटतील काका.' हे लई बेक्कार आहे. माझा बीपीचा वरचा आकडा थोडा उतरलाय, पण गोळी चालू आहे आणि ती कमी करायची का ते डॉक्टर ठरवतील.

फरक पडला तो झोपेत आणि जिभेत. रात्री पाठ टेकली की सौद्याचे आकडे डोक्यात फिरायचे. आता चार-सहाचे श्वास मोजता मोजता डोळा लागतो. यार्डात कोणी अंगावर आलं की आधी एक लांब श्वास सोडतो, मगच तोंड उघडतो. ओलावा त्यानं कमी होत नाही, भांडण मात्र बरंच आटोपशीर होतं.

जायचं असेल तर पहिल्या बॅचला जा, दुसरीत गर्दी फार आणि सरांचं लक्ष राहत नाही. मी पुढच्या महिन्याची फी भरलीय. कपालभाती सुरू झाली की सतरंजी गुंडाळून खाली उतरतो. तोवर कोपऱ्यावरचा चहाचा गाडा लागलेला असतो.