इंका ट्रेलवर ‘रद्द झालेली जागा’ विकत मिळत नाही

जून-जुलैत पेरूतल्या कुस्कोला निघाला असाल, माचू पिक्चूपर्यंत चालत नेणाऱ्या इंका ट्रेलचं परमिट हातात नसेल आणि तिथे कोणी ‘दोघांनी ऐनवेळी रद्द केलंय, तुमची नावं घालून देते’ असं म्हणालं, तर एक पैसाही देऊ नका. आमचे ९०० डॉलर असेच गेले. मराठी ट्रेकर हल्ली पेरूला बरेच जायला लागलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी आणि माझा नवरा, दोघंही नाशिकचे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग करत मोठे झालेलो. दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढून पाठीवर सॅक घेतली आणि इक्वेडोरच्या क्वितोपासून बसने दक्षिणेकडे निघालो. आधीपासून काहीच ठरवलेलं नव्हतं. गावात पोचायचं, चार ठिकाणी भाव विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी निघायचं. पेरूतल्या वारासला सांताक्रूझ ट्रेक असाच केला. ४,७५० मीटरची पुंता उनियोन खिंड ओलांडली, सगळे पैसे रोखीत दिले, कुठेही अडलं नाही. या सवयीनेच पुढे आमचा घात केला, कारण इंका ट्रेल असा चालत नाही.

त्या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात आणि त्यात हमाल, स्वयंपाकी, गाइड सगळे आले. पर्यटकांच्या वाट्याला साधारण २०० जागा उरतात. फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद असते. मे ते ऑगस्ट कोरडा मोसम, त्यामुळे त्या दिवसांची परमिटं कित्येक महिने आधी संपतात. हे आम्हाला ऐकून माहीत होतं, म्हणून आशा सोडलीच होती. पण कुस्कोत पोचलो तेव्हा चोवीस जूनचा इंती राइमी, म्हणजे इंकांचा सूर्योत्सव, आठवड्यावर आलेला, चौकात सात रंगांचे झेंडे, रस्त्यावर पोरांच्या नाचाच्या तालमी, जिकडेतिकडे ट्रेकच्या पाट्या. इतक्या लांब येऊन ती वाट करायची नाही, याची हुरहुर मला लागली होती. नवऱ्याला तेवढी नव्हती.

प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकापासून दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर ते ऑफिस होतं. टेबल, नकाशा, भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना. बाई चाळिशीच्या, इंग्रजी उत्तम. आम्हाला कोकाच्या पानांचा चहा दिला, उंचीचा त्रास होतोय का विचारलं. मग म्हणाल्या, ब्राझीलच्या एका जोडप्याला उंची बाधली, ते उद्याच लिमाला परत चाललेत, परवाच्या दोन जागा मोकळ्या झाल्यात. आमच्यासमोर फोन लावला, पासपोर्टचे नंबर वाचून दाखवले, थोडं थांबल्या आणि हसून अंगठा दाखवला. माणशी ४५० डॉलर. कार्डाने जास्त पडतील, रोख दिले तर एवढ्यातच. हा ट्रेक एरवी ६०० डॉलरच्या खाली क्वचितच मिळतो, पण ‘शेवटच्या क्षणी’ म्हणून स्वस्त, हे तेव्हा पटलं.

“अगं, आज रात्र जाऊ दे, उद्या ठरवू,” हा म्हणाला.

“अरे, उद्यापर्यंत कोण ठेवणारे आपल्यासाठी?” मीच म्हणाले. खाली उतरून दोन एटीएममधून डॉलर काढले.

मिळालेल्या कागदावर शिक्का होता, दोघांची नावं बिनचूक होती, पासपोर्ट नंबर बरोबर, सुरुवातीचं ठिकाण किलोमीटर ८२, म्हणजे जिथून ही वाट सुरू होते ती जागा. ठरल्या दिवशी पहाटे चारला गाडीसुद्धा आली. गाडी आली म्हणजे सगळं खरं, असं मनाने धरलं आणि मी वाटेतल्या ओल्यांतायतांबो गावापर्यंत गाढ झोपले. ड्रायव्हरला काहीच माहीत नव्हतं, हे नंतर समजलं. दोन प्रवासी चौकीपाशी सोड, एवढेच पैसे त्याला मिळाले होते.

किलोमीटर ८२ला रेल्वेरुळाच्या कडेला चौकी आहे. तिथे हमालांच्या ओझ्यांचं वजन होत होतं, लोक काठ्या जुळवत होते, पलीकडे उरुबांबा नदीवरचा झुलता पूल दिसत होता. आमचा गाइड काही दिसेना. तासभर वाट पाहून आम्हीच रांगेत उभे राहिलो. चौकीवरच्या माणसाने पासपोर्ट घेतला, यादी पाहिली, कागद वाचला, पुन्हा यादी पाहिली. दुसऱ्या एका गटाच्या गाइडला हाक मारून त्याने आम्हाला इंग्रजीत समजावायला सांगितलं.

त्या गाइडने जे सांगितलं ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. परमिट निघतं ते विशिष्ट माणसाच्या नावाने आणि पासपोर्ट नंबराने. एकदा निघालं की नाव बदलता येत नाही. कोणी आजारी पडलं तर ती जागा त्या दिवसापुरती वाया जाते, ती दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. म्हणजे आम्हाला जी वस्तू विकली गेली, ती अस्तित्वातच नव्हती. या मोसमात अशी माणसं चौकीवरून परत जाताना तो दुसऱ्यांदा पाहत होता.

परतीच्या गाडीत आम्ही बोललो नाही. ओल्यांतायतांबोच्या चौकात दगडी बाकावर बसल्यावर सगळं बाहेर आलं. मला वाटत होतं, याने परवान्यावरचं नाव वाचलं असणार, कारण कागदपत्रं नेहमी हाच बघतो. त्याला वाटत होतं, मी एवढी ठाम आहे म्हणजे चौकशी करूनच बोलत असणार. एकटं असतो तर दोघांपैकी कोणीही नऊशे डॉलर असे दिले नसते. दोघं होतो म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याच्या भरवशावर पाहणं सोडून दिलं. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही आणि मला तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: पैसे देण्याआधी दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि काय पाहिलं ते एकमेकांना मोठ्याने सांगायचं.

कुस्कोला ऑफिसला कुलूप. खालच्या दुकानदाराने सांगितलं की वरच्या खोलीतली टेबलं महिन्याच्या भाड्याने दिली जातात, त्या बाई दोन दिवसांपूर्वीच गेल्या. मी आठवण म्हणून ऑफिसात एक फोटो काढला होता. तो मोठा करून पाहिला तर भिंतीवरचा परवाना भलत्याच कंपनीच्या नावाचा होता.

तक्रार करायला आम्ही पर्यटन पोलिसांकडे गेलो. स्पॅनिश येत नव्हतं, म्हणून आधी आयपेरू या सरकारी पर्यटक मदत केंद्रात गेलो आणि तिथल्या मुलीने आम्हाला पूर्ण हकिकत स्पॅनिशमध्ये लिहून दिली. पोलिसांनी आमचा कागद पाहिला आणि वरच्या एका शब्दावर बोट ठेवलं: प्रोफोर्मा. म्हणजे नुसतं दरपत्रक. पैसे मिळाल्याची पावतीच नव्हती ती. खऱ्या पावतीला तिकडे बोलेता म्हणतात आणि तिच्यावर धंद्याचा अकरा आकडी कर क्रमांक असतो, त्याला रूक म्हणतात. सुनात या कर खात्याच्या वेबसाइटवर तो टाकला की कोणाच्या नावाचा आहे, चालू आहे की बंद, हे कोणालाही फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम. आमच्या कागदावर तो क्रमांकच नव्हता, आणि नसल्याचं आमच्या लक्षात आलं नाही.

विम्याचे पैसे मिळाले नाहीत. चोरी झाली असती तर मिळाले असते, पण पैसे आपण स्वतःच्या हाताने दिलेत, असं उत्तर आलं. पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो त्या बाईंच्या फोनमध्ये राहिले, त्याची धास्ती मला अजून आहे. तक्रारीची नक्कल मात्र जपून ठेवली आहे. उद्या आमच्या नावावर कुठे काही निघालंच, तर दाखवायला तेवढा एकच पुरावा आहे.

परमिट मिळालं नाही तरी त्या भागात चालायला खूप आहे, हे आम्ही आधी नीट पाहायला हवं होतं. साल्कांताय ट्रेकला इंका ट्रेलसारखं परमिट लागत नाही, खिंड ४,६०० मीटरच्या वर आहे, आणि सोबतच्या एका अर्जेंटिनी मुलीच्या मते वाट जास्त देखणी आहे. आमचे दिवस आणि पैसे दोन्ही संपत आले होते, म्हणून आम्ही गाडीने हिद्रोएलेक्त्रिकापर्यंत गेलो आणि तिथून रुळाकडेने तीन तास चालत माचू पिक्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावात पोचलो. माचू पिक्चूची १,००० तिकिटं तिथल्या सरकारी खिडकीवर रोज समोरासमोर मिळतात, ती दुसऱ्या दिवसासाठी. रांगेत उभं राहिलो. नवऱ्याने माझ्या पासपोर्टचा नंबर तिकिटाशी ताडून पाहिला, मी त्याचा पाहिला.

सकाळी वर पोचलो तेव्हा धुकं निघत होतं. दूर इंती पुंकू म्हणजे सूर्यद्वाराच्या खिंडीतून, जिथून आम्ही चौथ्या दिवशी उतरणार होतो, चालत आलेली माणसं एकेक करून खाली येत होती. शेवटचा गट उतरेपर्यंत आम्ही तिकडेच बघत उभे होतो.