सेंट लुशियात खासगी टूर ठरवताय? आधी हे वाचा

क्रूझवाल्यांच्या सहली महाग पडतात, म्हणून बरेच जण बंदरावर उतरून स्वतःची गाडी करतात. त्यात गैर काही नाही. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर आम्हीही तेच केलं: मी, नवरा आणि सांगलीहून आमच्याकडे आलेले आई-बाबा. पुढे जे घडलं ते सविस्तर लिहितेय, कारण हिवाळ्यात अमेरिकेतून आई-वडिलांना घेऊन क्रूझला जाणारी आपली मंडळी खूप आहेत आणि फसवणाऱ्यांना नेमकी अशीच गिऱ्हाइकं हवी असतात.

जाहिरातीत काही कमी नव्हतं. एसी गाडी, अधिकृत गाइड, सूफ्रिएरचे गंधकाचे झरे, डायमंड धबधबा, पिटॉन नावाचे दोन्ही सुळके, सगळी तिकिटं धरून. अख्ख्या गाडीचे ५४० ईस्टर्न कॅरिबियन डॉलर. हे चलन १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेलं आहे, म्हणजे अमेरिकन २०० झाले. दिवसभराच्या गाडीला हा भाव रास्त वाटला. व्हॉट्सॲपवर पक्कं करताना मात्र जाहिरातवाल्या माणसाने नुसतं डॉलरचं चिन्ह आणि ५४० एवढंच लिहिलं. आगाऊ ५० अमेरिकन डॉलर घेतले, तेही मित्रांना पैसे पाठवतो तसल्या ॲपवरून. कार्ड चालत नाही म्हणाला. जहाज कोणतं, परत किती वाजता चढायचं, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

कॅस्ट्रीजच्या बंदरावर उतरलो तर माणूस दुसराच, गाडी दुसरीच. गाडी बंदराच्या फाटकाबाहेर लांब लावलेली, आणि गाइड नाहीच. ड्रायव्हर सारखा फोनवर क्रेओल या तिथल्या बोलीत बोलत होता. बाबा घरून वाचून आले होते की १८५९ मध्ये इथे पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, उतरले. त्यांची वस्ती कुठे होती, एवढंच बाबांना विचारायचं होतं. आईने झाडाला लगडलेल्या कोकोच्या शेंगांकडे बोट दाखवलं, तर त्याने मानही वळवली नाही. मारिगो बेचं दृश्य वरच्या वळणावरून पाच मिनिटं दाखवलं आणि मग एका मागोमाग एक दुकानं सुरू झाली. बाटिकचे कपडे, रम, केळ्याचं केचप. आम्ही काही घेतलं नाही की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

पश्चिम किनाऱ्याने सूफ्रिएरला जाणारा रस्ता आपल्या घाटासारखाच, अरुंद आणि वळणावळणाचा. कॅनरीज गावात त्याने गाडी थांबवली आणि सांगितलं, पुढे दरड कोसळलीय, रस्ता बंद. या बेटावर ते खोटं वाटत नाही. २०१० च्या तोमास वादळात सूफ्रिएरकडच्या डोंगरांनी खरोखर फार सोसलंय. पण आम्ही उभे असतानाच समोरून पर्यटकांनी भरलेल्या दोन मिनीबस आल्या. नवऱ्याने त्या दाखवल्या तर म्हणाला, ते लोक दुसऱ्या वाटेने आले. गाडी वळलीच. ज्या पिटॉनसाठी, २००४ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या दोन सुळक्यांसाठी, आई-बाबा एवढे उत्साहाने निघाले होते, ते त्यांना जवळून बघायलाच मिळाले नाहीत. संध्याकाळी जहाजावर जेवताना शेजारच्या टेबलावरचं कुटुंब गंधकाच्या चिखलात कशी अंघोळ केली ते सांगत होतं. तोच दिवस आणि तोच रस्ता.

खरा डाव परतीला होता. कॅस्ट्रीजच्या डोक्यावर मॉर्न फॉर्च्युन नावाची टेकडी आहे. तिथून बंदर आणि आपलं जहाज स्पष्ट दिसतं. तिथे त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि ५४० मधले उरलेले ४९० डॉलर मागितले. अमेरिकन! मूळ जाहिरात दाखवली तर व्हॉट्सॲपचा मेसेज पुढे केला. तिकिटं काढलीच नव्हती, तरी त्यांचे पैसे मात्र वेगळे मागितले. मागची दारं आतून उघडत नव्हती. एसी बंद, आईला घाम फुटलेला, आणि हा ड्रायव्हर शांतपणे घड्याळाकडे बोट दाखवतोय. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर सहसा जहाज थांबतं. आपण आपल्या जबाबदारीवर उतरलेलो असू तर ते थांबत नाही, आणि हे त्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. सकाळपासूनची सगळी टंगळमंगळ या एका क्षणासाठी होती, अशी माझी खात्री आहे. घासाघीस करून ३०० वर सुटलो. आई-बाबा गाडीत नसते तर एक पैसा दिला नसता.

उतरल्यावर नवऱ्याने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि आम्ही तडक बंदरावर प्रवाशांना टॅक्सी लावून देणाऱ्या डिस्पॅचरकडे गेलो. फोटो बघताच ते गृहस्थ म्हणाले, ही टॅक्सीच नाही. तिथल्या परवानाधारक टॅक्सीची पाटी निळी असते आणि नंबर टीएक्सने सुरू होतो. आमची गाडी खासगी होती. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि का वाटू नये? बेटाचं पोट पर्यटनावर चालतं. असा एक भामटा रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी सरळ माणसांची रोजी बुडवतो. तिथल्या टॅक्सींना मीटर नसतो, पण ठरलेले दर असतात आणि डिस्पॅचर ते उतरल्या उतरल्या सांगतो. त्यांनी सांगितलेला दिवसभराचा भाव आमच्या २०० च्या आसपासच निघाला.

आगाऊ दिलेले ५० परत मिळाले नाहीत. त्या ॲपने कळवलं की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, त्यामुळे तक्रार घेता येत नाही. कार्डाने दिले असते तर बँकेकडे दाद मागता आली असती.

त्या माणसाने आमचा व्हॉट्सॲप नंबर ब्लॉक केलाय. जाहिरात मात्र नाव बदलून अजून चालू आहे, फोटोही तेच. तेव्हा सेंट लुशियाला जाणार असाल तर आगाऊ देण्याआधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो मागवा आणि एकूण रक्कम चलनाच्या नावासकट लिहून घ्या. आणि जहाज सुटायची खरी वेळ त्यांना सांगू नका. दीड-दोन तास अलीकडचीच सांगा.