करिअर कोचकडे काय मिळतं आणि काय नाही – चाकणच्या एका क्वालिटीवाल्याचा रिव्ह्यू

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच. नोकरी बदलायची, लाईन बदलायची की आहे तिथेच काहीतरी वेगळं मागायचं हेच ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे पैसे वसूल आहेत. ज्यांना पुढच्या महिन्यात नोकरी हवीच आहे त्यांनी मात्र इकडे पैसे घालू नका, ते घरखर्चाला राहू द्या, कारण कोच नोकरी लावून देत नाही, तो प्रश्न विचारून आपला निर्णय आपल्यालाच घ्यायला मदत करतो. हे मी आधीच मोठ्याने सांगतोय कारण कंपनीत ज्याला ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न हाच होता, "मग कुठे लावलं त्यांनी?"

माझं थोडक्यात. इंजिनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा करून लागलो, डिग्री नोकरी करत करत केली, वय ३८, फ्लॅटचा हप्ता चालू. इंजिनचे पार्ट म्हटलं की ईव्हीचा, म्हणजे इंजिन नसलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय रोज निघतो, कॅन्टीनमध्ये निघतो, बसमध्ये निघतो, आणि प्रत्येक जण म्हणतो की पुढे आपलं काय. त्यात माझा दिवस म्हणजे कस्टमर कम्प्लेंट, सॉर्टिंगला म्हणजे खराब पार्ट निवडून काढायला माणसं पाठवा, ८डी रिपोर्ट म्हणजे कम्प्लेंट का आली आणि त्यावर काय केलं त्याचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट भरा, परत पुढची कम्प्लेंट. सल्ले तर भरपूर होते. मामा म्हणतात सरकारी काहीतरी बघ, मोठा भाऊ म्हणतो जर्मनीचं ट्राय कर, साहेब म्हणतात दोन वर्षं कळ काढ मॅनेजर करतो. यातलं कुणीच वाईट चिंतणारं नाही, पण प्रत्येकाचं त्यात काहीतरी अडकलेलं असतं, साहेबांना हाताखालचा माणूस जायला नकोय, आईला मी लांब जायला नकोय, बायकोला हप्ता दिसतो आणि तो दिसायलाच हवा. कोचचं त्यात काहीच अडकलेलं नव्हतं, मी राहिलो काय आणि गेलो काय. मला वाटतं खरी फी त्याचीच आहे.

आता निवडायचं कसं. आपल्याकडे कोच व्हायला कुठलंही लायसन्स लागत नाही, कुणीही उद्यापासून नावापुढे लाईफ कोच लावू शकतो, कायद्याने आडकाठी नाही. म्हणून मी आयसीएफचं सर्टिफिकेट बघितलं, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, १९९५ ला अमेरिकेत सुरू झालेली संस्था. त्यांच्या तीन लेव्हल आहेत. एसीसीला किमान ६० तासांचं ट्रेनिंग आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं लागतं, पीसीसीला १२५ तास ट्रेनिंग आणि ५०० तास अनुभव, एमसीसीला २०० तास आणि तब्बल २५०० तास. आणि हे कायमचं नसतं, दर तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं. कोणाकडे आहे कोणाकडे नाही ते त्यांच्या साईटवर नाव टाकून तपासता येतं, मी तपासलं, तुम्हीही तपासा. सर्टिफिकेट असलं म्हणजे माणूस चांगलाच असं नाही, पण तासांचा हिशोब कुणीतरी बाहेरून बघितलाय एवढं तरी कळतं, सप्लायर घेताना आपण ऑडिट रिपोर्ट मागतोच ना.

माझ्या कोच पुण्यातल्या एक मॅडम, पीसीसी, आधी बरीच वर्षं मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत एचआरला होत्या. नाव देत नाही, कारण कोच म्हणजे जुळण्याचा भाग आहे, मला जमलं ते तुम्हाला जमेलच असं नाही. त्यासाठीच पहिला अर्ध्या तासाचा कॉल फुकट असतो आणि तो दोन-तीन जणांबरोबर करावाच. एका कोचने त्या कॉलमध्ये निम्मा वेळ स्वतःच्या क्लायंटच्या पगारवाढीच्या गोष्टी सांगितल्या आणि आजच पैसे भरले तर डिस्काउंट म्हणाले, तिथे मी थांबलो. मॅडमनी उलट विचारलं की हे सगळं संपल्यावर तुमच्या हातात काय असलं तर तुम्ही म्हणाल की बरं झालं केलं. मला पटकन उत्तर आलं नाही, आणि त्यांनी ती शांतता भरायची घाईही केली नाही.

फी सहा सेशनच्या पॅकेजची २४,००० अधिक १८% जीएसटी, म्हणजे २८,३२०. कमी फीचेही कोच आहेत आणि मोठ्या कंपन्यांच्या डायरेक्टरना कोचिंग करणारे एका सेशनला याहून जास्तही घेतात. बिल मागा. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या कोचला जीएसटी नोंदणी लागत नाही त्यामुळे बिलात टॅक्स नसला म्हणून लगेच शंका घेऊ नका, पण साधं बिल आणि लेखी अ‍ॅग्रीमेंट हवंच. माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये सेशन किती मिनिटांचं, किती दिवसांत संपवायचं, मध्येच सोडलं तर किती पैसे परत, बोललेलं गुप्त राहणार, आणि हे मानसोपचार नाहीत, असं सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

गुप्त राहण्याबद्दल एक सांगतो. तुमची कंपनी जर पैसे भरत असेल तर अ‍ॅग्रीमेंट तिघांचं असतं, तुम्ही, कोच आणि कंपनी. तेव्हा एचआरला नक्की काय कळणार ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. सहसा ध्येय काय ठरलं आणि सेशनला माणूस येतोय का एवढंच सांगतात, आतलं बोलणं नाही, पण हे लेखी असलेलं बरं. मी स्वतःचे भरले कारण मला कंपनी सोडण्याबद्दलही मोकळं बोलायचं होतं.

सेशन सगळी व्हिडिओ कॉलवर, दोन-दोन आठवड्यांनी. घरी दोन मुलं आणि टीव्ही, म्हणून मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून करायचो, आणि ते चांगलंच झालं, कारण काही गोष्टी घरात बसून बोलता आल्या नसत्या.

कोचिंगमध्ये ग्रो नावाची एक पद्धत खूप वापरतात. ती पसरवणारे सर जॉन व्हिटमोर मूळचे रेसिंग ड्रायव्हर, १९६५ ला लोटस कॉर्टिना चालवून युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकलेले, गाड्यांच्या लाईनमधला असल्यामुळे मला हे वाचून भारी वाटलं. चारच पायऱ्या आहेत, काय हवंय, आत्ता परिस्थिती काय आहे, पर्याय कुठले, आणि यातलं नक्की काय करणार ते कधीपर्यंत. ऐकायला सोपं आहे, पण मी पहिल्याच पायरीवर दोन सेशन होतो. मी म्हणालो मला ईव्हीमध्ये जायचंय. त्या म्हणाल्या, ठीक आहे, गेलात, आता सोमवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही तिथे काय करताय ते सांगा. मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी परत कस्टमर कम्प्लेंटच हाताळतोय, फक्त पार्ट वेगळा आहे. मग त्या गप्प बसल्या. हे गप्प बसणं आधी फार अवघड जातं, आपल्याला वाटतं नेट गेलं की काय, पण त्या शांततेत जे सुचतं ते बोलण्याच्या भरात सुचत नाही.

आम्ही प्लांटमध्ये रोज व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस करतो, पाच वेळा "का" विचारायचं आणि मूळ कारण काढायचं. मॅडम "का" जवळजवळ विचारायच्याच नाहीत. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या माणसाला का विचारलं की तो स्वतःची बाजू मांडायला लागतो, काय आणि कसं विचारलं की तो बघायला लागतो. मशीनला बाजू मांडायची नसते, माणसाला असते. हे मी नंतर माझ्या ऑपरेटरांशी बोलताना वापरून बघितलं, रिजेक्शन का झालं असं न विचारता त्या वेळी काय काय चालू होतं असं विचारतो, आणि माणसं खरंच जास्त सांगतात. पूर्ण पॅकेजमधली मला सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट बहुतेक हीच.

अजून एक, सेशन मराठीत होतं का ते आधी विचारा. फॉर्म, टेस्ट, मेल सगळं इंग्रजीत असतं आणि आपल्यालाही ऑफिसची सवय म्हणून आपण इंग्रजीतच सुरू करतो. पहिलं सेशन तसंच झालं आणि मी जे बोललो ते अप्रेझल फॉर्ममध्ये लिहितात तसं निघालं. दुसऱ्यापासून मराठीत बोलायला लागलो तेव्हा वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हाची भीती, डिप्लोमावाला म्हणून मीटिंगमध्ये मागे बसायची सवय, असं सगळं बाहेर आलं ज्याचा ईव्हीशी काही संबंध नाही पण माझ्या निर्णयाशी पूर्ण होता. पैशाबद्दल, आईवडिलांबद्दल ज्या भाषेत घरी बोलतो त्याच भाषेत बोलता आलं पाहिजे, नाहीतर फी अर्धी वाया.

काम खरं तर दोन सेशनच्या मध्ये होतं. प्रत्येक वेळी शेवटी मी काय करणार, कधीपर्यंत, आणि केलं हे कोणाला कळवणार हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायच्या. एक आठवडा रोज संध्याकाळी लिहायचं की आज कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कुठल्या कामाने जीव गेला. वहीत दिसलं की भोसरीला, तळवडेला छोट्या सप्लायरकडे जाऊन त्यांच्या माणसांबरोबर प्रोसेस नीट लावून देतो तो दिवस मला थकवत नाही. मग पुढचं काम, जे लोक ऑलरेडी सप्लायर डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे सप्लायरचं काम सुधारून द्यायच्या कामात आहेत त्यांना फोन करून विचारायचं, नोकरी मागायची नाही, फक्त त्यांचा आठवडा कसा जातो ते ऐकायचं. जुन्या कंपनीतले दोघं-तिघं तासतास बोलले. प्रवास किती, पगारात फरक किती, ईव्हीच्या पार्टला नवीन सप्लायर उभे करायला अशी माणसं लागतात का, सगळं कळलं. जे हे मधलं काम करणार नाहीत त्यांनी कोच लावू नये, नुसतं बोलून दोन दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच.

निकाल काय, तर मी कंपनी सोडली नाही. साहेबांशी बोललो, बोलायच्या आधी ते संभाषण मॅडमबरोबर अक्षरशः प्रॅक्टिस केलं, त्या साहेब झाल्या. आता कम्प्लेंटचं निम्मं काम दुसऱ्याकडे गेलंय आणि काही सप्लायर पूर्ण माझ्याकडे आलेत, त्यात एक ईव्ही मोटरचे पार्ट करणारा आहे. पगार वाढलेला नाही, पद तेच आहे. पण रविवारी संध्याकाळी पोटात जो गोळा यायचा तो यायचा थांबला, आणि बायकोने हे माझ्या आधी ओळखलं.

कापलेला एक स्टार. सुरुवातीला एक गोल देतात, आठ भाग करून प्रत्येक भागाला दहापैकी मार्क द्यायचे, तब्येत, पैसा, नाती वगैरे, त्यात एक सेशन गेलं आणि मला त्यातून काही मिळालं नाही. रेझ्युमेची मदत पॅकेजमध्ये लिहिलेली होती पण ती आयटीवाल्यांच्या टेम्पलेटची निघाली, पीपीएपी म्हणजे नवीन पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं काय, ऑडिट काय, प्लांटचं काम कागदावर कसं दाखवायचं ते मला मित्राकडूनच करून घ्यावं लागलं. आणि २४ तास आधी न कळवता सेशन रद्द केलं तर ते मोजलं जातं, हा नियम त्यांच्या बाजूने बरोबरच आहे, पण प्लांटवाल्याला कस्टमरची लाईन थांबली की सगळं सोडून पळावं लागतं, तेव्हा वर्षातून एकदा तरी सूट मिळेल असं आधीच मागून घ्या.

कुणी जाऊ नये हे पण लिहितो. झोप उडालीये, सतत रडू येतंय, जगणं नकोसं वाटतंय असं असेल तर कोच नाही, सायकियाट्रिस्ट किंवा आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. चांगला कोच हे स्वतः ओळखतो आणि तिकडे पाठवतो. आणि जो नोकरीची गॅरंटी देतो, किंवा बोटांच्या ठशांवरून तुमचं करिअर सांगतो, ज्याला काहीही शास्त्रीय आधार नाही, किंवा ९९ रुपयांचा वेबिनार घेऊन शेवटच्या दहा मिनिटांत आत्ताच्या आत्ता हजारो भरायला लावतो, तिकडे फिरकू नका. नोकरीच हवी असेल तर प्लेसमेंट कन्सल्टंट असतात आणि त्यांची फी कंपनी देते, बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३%, म्हणजे एका महिन्याचा पगार, उमेदवाराने द्यायची नसते.

पॅकेज संपल्यावर मॅडमनी पुढचं घ्या म्हणून एकदाही विचारलं नाही, हे मला फार आवडलं. एप्रिलच्या अप्रेझलनंतर मीच एक सुटं सेशन घेणार आहे, पगाराचं बोलणं साहेबांशी कसं करायचं तेवढ्यापुरतं.