आमचं उपकेंद्र आणि तिथल्या सिस्टर : दीड वर्षाचा अनुभव

माझं गरोदरपण, बाळंतपणानंतरचे दिवस आणि बाळाच्या 9 महिन्यांपर्यंतच्या लशी, हे सगळं आमच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरच्या नजरेखाली पार पडलं म्हणून लिहायला बसलेय. खासगी दवाखान्यांबद्दल लोक भरभरून लिहितात, उपकेंद्राबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराकडेला. गावठाण आणि लांब लांब पसरलेल्या वाड्या, एवढ्या सगळ्यांना मिळून एक एएनएम (म्हणजे आरोग्यसेविका) सिस्टर. नियमाने डोंगरी आणि आदिवासी भागात 3000 लोकांमागे एक उपकेंद्र, सपाटीला 5000. आकडा छोटा वाटतो पण इथे एका वाडीवरनं दुसऱ्या वाडीवर जायचं तर चढउतारात तास मोडतो.

आधी इमारतीचं सांगते. दोन खोल्या, पावसात एका कोपऱ्यात गळतं, बाहेर बाकडं एकच आणि बाथरूमला कधी पाणी असतं कधी नसतं. पोटुशी बाई तिथे तासभर बसणार तर एवढी सोय तरी पाहिजे. याचे मार्क मी कापणारच.

पण सिस्टर! सातव्या महिन्यात माझं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, कमी निघालं, 8.6. त्याआधी मी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात दाखवत होते, तिथे लोहाची गोळी लिहून दिली होती आणि मी ती न चुकता घेतही होते, फक्त कशी घ्यायची ते कोणी सांगितलंच नव्हतं. सिस्टरनी पहिल्यांदा हेच विचारलं, "ताई, गोळी कशाबरोबर घेता?" म्हटलं सकाळच्या चहाबरोबर. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं की चहा-दुधाबरोबर घेतली तर लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला घ्या, शौचाला काळं होईल त्याला घाबरू नका. लाल गोळ्या दिवसाला दोन सुरू केल्या आणि पुढच्या वेळेला येताना रिकामी पाकिटं घेऊन या म्हणाल्या. मला वाटलं असंच बोलल्या असतील, पण खरंच टेबलावर पाकिटं पसरून मोजली. चार गोळ्या शिल्लक होत्या तर त्या का राहिल्या याचं कारण विचारलं. दीड महिन्यात एचबी 10.2 झालं.

बाळ 2.3 किलोचं झालं, म्हणजे अडीचच्या खालचं. घरी आल्यावर आशाताई ठरलेल्या दिवशी यायच्या, तिसरा, सातवा, चौदावा असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, झोळीत घालून वजन करायच्या. सिस्टर पण दोनदा आल्या. बाळाला उघडं करून माझ्या छातीशी लावून वरनं गोधडी कशी घ्यायची ते त्यांनी स्वतः करून दाखवलं, आणि आमच्या आजेसासूबाई, ज्या कोणाचं ऐकत नाहीत, त्या शेजारी बसून बघत होत्या.

दीड महिन्याची लस म्हणजे एकाच दिवशी तीन सुया आणि तोंडात थेंब, माझेच हातपाय गार पडले होते. सिस्टरनी निळ्या डब्यातनं बाटली काढून मला लेबल दाखवलं, गोलात एक चौकोन असतो, तो चौकोन गोलापेक्षा फिकट आहे म्हणजे लस गार राहिलीये, गडद झाला असता तर मी वापरली नसती असं म्हणाल्या. मला कोणीतरी विश्वासात घेऊन सांगतंय याचंच इतकं बरं वाटलं! नंतर अर्धा तास बसवून ठेवलं. आजेसासूबाई मांडीला शेक द्यायला निघाल्या तर "आजी, चोळू नका, शेकू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा", आणि पॅरासिटामॉलचे थेंब वजन बघून दिले. रात्री ताप आलाच पण आम्ही पळापळ केली नाही कारण येणार हे आधी सांगितलेलं.

तक्रार पण आहे. पेंटा म्हणजे पाच आजारांवरची एकच लस, तिच्या दुसऱ्या डोसच्या वेळी लसीकरणाचा दिवस रद्द झाला आणि आम्हाला निरोपच नाही, बाळाला घेऊन दोन तास उन्हात बसले आणि परत आले. लस तीन आठवडे लांबली. सिस्टरनी नंतर सांगितलं की त्यांना त्या दिवशी दुसऱ्या उपकेंद्रावर पाठवलं होतं, तिथलं पद रिकामं आहे. एका बाईने दोन ठिकाणं, रजिस्टर, टॅबवरची माहिती आणि वाड्यांवरच्या भेटी कशा सांभाळायच्या? मला राग त्यांचा नाही आला, पद रिकामं ठेवणाऱ्यांचा आला.

मागच्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला गेलो तर त्या दिवशी त्या लसीसाठी माझंच एकटं बाळ. ती बाटली फोडली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची, म्हणून मीच म्हटलं पुढच्या वेळी येऊ का. सिस्टर म्हणाल्या, "एका बाळासाठी पण फोडायची." बाटलीवर पेनाने वेळ लिहिली आणि सुई भरली.

आमच्याकडे जाणार असाल तर आदल्या दिवशी आशाताईंना विचारून जा, माता-बाल कार्ड विसरू नका आणि पाण्याची बाटली घरून न्या. मी 5 पैकी 4 देते, कापलेला एक इमारतीचा आणि रिकाम्या पदाचा, सिस्टरचे पूर्ण.