सूचनापेटी की सोमवारची बैठक? नाट्यगृहाच्या नव्या व्यवस्थापकासाठी

पालिकेच्या नाट्यगृहात व्यवस्थापक म्हणून बदली झाली की लवकरच वरून पत्र येतं: कर्मचाऱ्यांच्या सूचना घ्या, त्यावर काय कार्यवाही केली ते कळवा. मग पेटी लावायची की बैठक घ्यायची, हा घोळ सुरू होतो. मी दोन्ही करून पाहिलंय. नाट्यगृहाचं नाव नको.

पेटी स्वस्त आणि सोपी. पत्र्याची, कुलपाची, हजेरीपुस्तकाशेजारी टांगली की झालं. आमच्या पेटीत पहिल्या आठवड्यात 11 चिठ्ठ्या पडल्या. तिसऱ्या महिन्यात उघडली तेव्हा आत फक्त गुटख्याची रिकामी पुडी. त्या 11 पैकी एक अजून आठवते: ‘विंगेत पाणी येतं.’ कुठल्या विंगेत? पावसाचं की एसीचं? चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाही. स्थापत्यवाल्यांना कळवलं, ते गच्ची बघून गेले. गच्ची कोरडी ठणठणीत.

पुढे बैठक सुरू झाली तेव्हा पडदा ओढणारे मामा सहज बोलून गेले, “डावीकडं, सायेब. दुपारचा प्रयोग संपता संपता. सुरुवातीला नसतं.” म्हणजे एसी दोन-तीन तास चालल्यावर. निचऱ्याचा पाइप तुंबला होता, प्लंबरनं अर्ध्या तासात मोकळा केला. बैठकीची ताकद ही: एकानं अर्धं सांगितलं की दुसरा उरलेलं सांगतो.

बैठक सोमवारीच घ्या. शनिवार-रविवारच्या प्रयोगांत काय काय झालं ते डोक्यात ताजं असतं. रंगमंचावर, उभ्यानं, वीस मिनिटं. खुर्च्या मांडल्या की भाषणं होतात. मात्र काही गोष्टी सोमवारची वाट बघत नाहीत. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. कारण बाजूला ठेवा, पण ‘डिमरजवळ (रंगमंचाचे दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राजवळ) जळका वास येतो’ हे वाक्य कानावर आलं की त्याच क्षणी मेन स्विच बंद आणि विद्युत विभागाला फोन.

आता बैठकीची लंगडी बाजू. सफाई आणि सुरक्षा बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची. त्यातल्या मावशी दाराशी उभ्या राहतात, सुपरवायझर शेजारी. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सगळं बरं हाय.” त्याच मावशी नंतर चहाच्या टपरीवर सांगतात की हातमोजे चार महिन्यांत मिळाले नाहीत आणि पगार दोन महिने लटकलाय. हे बैठकीत कधीच येणार नाही, चिठ्ठीतून येऊ शकतं. शिवाय त्या आपल्या पगारपत्रकावर नसल्या, तरी राबतात आपल्याच नाट्यगृहात, तेव्हा ठेकेदाराकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. लैंगिक छळाची तक्रार मात्र पेटीतही नको आणि बैठकीतही नको. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावा.

गूगल फॉर्म कुणीतरी सुचवेलच. तो बुकिंग खिडकीवरचे आणि कार्यालयातले भरतील. ज्यांचं आधीच ऐकू येतं, त्यांचंच पुन्हा ऐकू येईल.

ऐकून झाल्यावर पुढे काय, इथे दोन्ही पर्यायांचा कस लागतो. एक नोंदवही ठेवा: सूचना, तारीख, कुणाच्या हातात, काय झालं. बल्ब, कुलूप, मेकअप रूमचा आरसा हे तुमच्या हातातलं, त्याच आठवड्यात करा. वायरिंग, गच्ची, खुर्च्या विभागांकडे जातात, तिथे पत्राचा जावक क्रमांक वहीत हवा. मोठ्या खर्चाचं काम 1 एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात बसवायचं तर मागणी दिवाळीच्या आसपासच गेली पाहिजे. मार्चमध्ये आठवण आली तर वर्ष गेलं. आणि जे होणार नाही, त्यापुढे ‘नाही’ लिहून कारणही लिहा. आमच्या दिवेवाल्यानं नवा लाइट बोर्ड मागितला होता, मी ‘यंदा पैसे नाहीत’ असं लिहिलं. तो चिडला नाही. वहीत आपलं नाव दिसलं, तेवढ्यानं पुढच्या सोमवारी आणखी दोन गोष्टी सांगून गेला.

कलाकारानं फेसबुकवर स्वच्छतागृहाचा फोटो टाकला की दुसऱ्या दिवशी साहेब हजर होतात, आणि तेच सफाईवाला वर्षभर सांगत आलेला असतो, हा अनुभव बहुतेकांना आहे. वही नीट भरलेली असेल तर त्या दिवशी तुमची बाजूही सावरते.

तर निवड करायचीच झाली तर बैठक आणि वही. पेटीही राहू द्या, पण ठेक्यावरच्या लोकांसाठी, आणि ती सुपरवायझरच्या नजरेआड, स्वच्छतागृहाकडच्या बोळात टांगा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आमच्या पेटीची किल्ली सुपरवायझरकडे असायची, हे मला चौथ्या महिन्यात कळलं.