डोअर स्टॉप अलार्म: परदेशातील एकटीच्या मुक्कामात किती उपयोगाचा?

परदेशात एकटीने मुक्काम करणाऱ्या स्त्रीला सुरक्षेसाठी ज्या वस्तू सुचवल्या जातात, त्यांत मला डोअर स्टॉप अलार्म सर्वांत भरवशाचा वाटतो. ही दाराखाली सरकवायची पाचर असते. तिच्या वरच्या अंगाला एक पट्टी असते; बाहेरून कोणी दार आत ढकलले की दाराची कड त्या पट्टीवर दाबली जाऊन भोंगा वाजतो आणि त्याच दाबाने पाचर जमिनीशी अधिक घट्ट बसते. खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, कार्डाचे कुलूप आणखी कोणाला उघडता येते, हे पाहुणीला सहसा कळत नाही. पाचर लावल्यावर ते कळण्यावाचून फारसे अडत नाही आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

ही वस्तू शस्त्र नाही, हेही महत्त्वाचे आहे. अनेकजणी मिरचीचा फवारा सोबत ठेवतात, पण ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यानुसार तो बाळगणे हा गुन्हा आहे, कॅनडात माणसांवर वापरण्यासाठी बनवलेला फवारा निषिद्ध शस्त्रांत मोडतो आणि विमानात हातातल्या सामानात तो नेता येत नाही. रक्षणासाठी घेतलेल्या वस्तूमुळे परक्या देशात स्वतःच आरोपी ठरण्याची वेळ कोणत्याही स्त्रीवर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र विक्रेते ‘संपूर्ण संरक्षण’ असे लिहितात, ते मान्य करता येत नाही. पाचर केवळ आत उघडणाऱ्या दारालाच चालते. हॉटेलच्या खोल्यांची दारे बहुधा आत उघडतात. परंतु जपानमध्ये किंवा स्वीडनमध्ये भाड्याने घर घेतल्यास मुख्य दार बाहेर उघडणारे असण्याची शक्यता मोठी असते आणि जपानी पद्धतीच्या जुन्या विश्रामगृहांत सरकती दारेही भेटतात. म्हणून खोली ठरवतानाच दार कोणत्या बाजूला उघडते आणि आतून कडी आहे का, हे विचारून घ्यावे. जमिनीचाही प्रश्न आहेच: गुळगुळीत फरशीवर तळाचे रबर धुळकट असेल तर पाचर घसरते, जाड गालिच्यात ती रुतते आणि दाराखालची फट फार मोठी असेल तर पट्टीला दाराचा स्पर्शच होत नाही. पाचर बिजागरीच्या बाजूला न ठेवता कुलपाच्या बाजूला ठेवावी, कारण दार तिथेच सर्वाधिक सरकते. पहिल्या संध्याकाळी एकदा दार हलकेच ओढून भोंगा वाजतो की नाही ते पाहावे. आग लागली तर अंधारात पाचर पायाने बाजूला सारता येते का, याचीही सवय करून घ्यावी.

एखाद्या कुटुंबाच्या घरी पाहुणी म्हणून राहताना मात्र थोडा विचार हवा. जिथे पाहुण्यांच्या खोलीत सकाळी चहा घेऊन येण्याची रीत असते, तिथे मध्येच वाजलेला भोंगा यजमानांना अविश्वासाचा वाटू शकतो. ‘मला एकटीने झोपताना हे लावायची सवय आहे’ असे पहिल्याच दिवशी सौजन्याने सांगितले की गैरसमज टळतो आणि खोलीत येण्यापूर्वी दार वाजवावे, हेही आपोआप सांगून होते. ही वस्तू लपवण्यापेक्षा सांगून वापरणेच मला अधिक योग्य वाटते.

भोंग्याने मिळतात ती काही मोलाची मिनिटे, आणि त्या वेळात कोणाला हाक मारायची हे आधी ठाऊक असले पाहिजे. युरोपीय संघातील देशांत ११२, जपानमध्ये पोलिसांसाठी ११०, ऑस्ट्रेलियात ००० हे क्रमांक आहेत. मुक्कामाच्या जागेचा पत्ता स्थानिक लिपीत लिहून फोनजवळ ठेवावा. कोणी कर्मचारी म्हणून दार ठोठावले, तर दार न उघडता स्वागतकक्षाला फोन करून खात्री करावी. हे शिष्टाचाराला सोडून मुळीच नाही.

विकत घेताना चालू-बंद करण्याचे स्वतंत्र बटण आणि संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची सोय असलेलीच पाचर निवडावी, कारण अतिसंवेदनशील पाचर जोराच्या वाऱ्यानेही वाजते. विमानप्रवासात बॅटरी काढून ठेवावी, म्हणजे सामान दाबले गेल्यावर ती बॅगेत वाजणार नाही.